'नो रिडीमिंग फीचर' : एक शब्दप्रयोग आणि त्याची जबाबदारी

(तृतीय वर्ष कला, इंग्रजी विशेष)

एखादा इंग्रजी शब्दप्रयोग आपण ऐटीत वापरावा आणि पुढे त्यानेच आपल्याला भर वर्गात उभे करावे, असा अनुभव माझ्याप्रमाणे इतरांनाही आला असेल. माझ्या बाबतीत तो शब्दप्रयोग होता 'नो रिडीमिंग फीचर'. प्रस्तुत लेख त्याच्याच अभ्यासातून झाला आहे. हा अभ्यास मी स्वखुशीने आरंभला असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो करावा लागला. कसा, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाच्या संपादक मंडळात मी होतो. आलेले साहित्य वाचायचे, समासात दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि हस्तलिखित ज्याचे त्याला परत करायचे, अशी आमची पद्धत. एका वर्गमित्राने कथा दिली होती. हा मित्र रोज सकाळच्या एस. टी.ने गावाहून येतो. कथा होती हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्या एका म्हाताऱ्याची. संवाद दूरदर्शनवरील मालिकेतल्यासारखे होते, शेवट ओढूनताणून आणलेला होता, आणि ज्या दिवशी दाखला मिळतो त्याच रात्री म्हातारा मरणार, हे मला दुसऱ्याच पानावर कळून चुकले होते. तास सुरू व्हायला दहा मिनिटे उरली होती. मी लाल शाईचे पेन काढले आणि समासात इंग्रजीत लिहून टाकले, की या कथेत एकही 'रिडीमिंग फीचर' नाही. मराठी कथेवर इंग्रजी अभिप्राय कशासाठी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. आदल्याच आठवड्यात एका टीकाग्रंथात हा शब्दप्रयोग मला भेटला होता आणि तो कुठेतरी वापरून पाहण्याची घाई झाली होती, एवढेच त्याचे कारण.

मित्राने तो अभिप्राय वाचला, वहीत घडी करून ठेवला आणि काही बोलला नाही. पण इंग्रजीच्या तासाला त्याने उभे राहून विचारले, "सर, रिडीमिंग फीचर म्हणजे काय?" लाल शाईची हकिगत सरांना ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "कोण सांगेल?" मी हात वर केला. "चांगला गुण, सर." सर म्हणाले, "मग चांगला गुण म्हणावे. रिडीमिंग कशाला म्हणायचे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा तो मित्रच म्हणाला, "सर, आमच्याकडच्या सोनेतारण कर्जाच्या कागदावर रिडीम असा शब्द आहे. दागिना सोडवून न्यायची तारीख त्याच्यापुढे लिहितात." वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. "शब्दाचे मूळ तेच आहे," ते म्हणाले, "आणि तू", हे मला, "यावर काहीतरी वाचून ये."

ते 'काहीतरी' वाचता वाचता जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

शब्दाचे कूळ

'रिडीम' हे क्रियापद लॅटिन भाषेतून आले. 'एमेरे' म्हणजे विकत घेणे, आणि त्यामागे 'पुन्हा, परत' या अर्थाचा उपसर्ग लागून 'रेदिमेरे' झाले. म्हणजे मूळ अर्थ परत विकत घेणे, मोल देऊन सोडवून आणणे. सोडवायचे ते काय? गहाण पडलेली जमीन, सावकाराकडचा दागिना, शत्रूच्या हाती सापडलेला कैदी, विकला गेलेला गुलाम. बंदिवानाच्या सुटकेसाठी द्यायच्या रकमेला इंग्रजीत 'रॅन्सम' म्हणतात. तो शब्दही याच लॅटिन मुळाचा, फक्त फ्रेंच वाटेने फिरून आलेला. पुढे ख्रिस्ती धर्मविचाराने हा व्यवहारातला शब्द उचलला. पापाच्या बंधनात पडलेल्या माणसाला स्वतःचे मोल देऊन सोडविणारा तो 'रिडीमर'.

येथे मला आपल्या भाषेतली एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. मराठी ख्रिस्ती बांधवांच्या भाषेत मुक्तीला 'तारण' म्हणतात आणि मुक्ती देणाऱ्याला 'तारणारा'. आणि पतपेढीच्या फलकावरही शब्द असतो 'सोनेतारण'. एकीकडे जिवाची मुक्ती, दुसरीकडे कर्जापोटी ठेवलेली पाटली, शब्द एकच. इंग्रजीतही नेमके हेच घडले आहे. देवळातला शब्द आणि पेढीवरचा शब्द एकाच घरचे निघाले. माझ्या मित्राने कर्जाच्या कागदावर वाचलेला शब्द आणि मी टीकाग्रंथात वाचलेला शब्द हे दोन नव्हतेच. फरक इतकाच, की त्याला तो कळलेला होता.

आता 'रिडीमिंग फीचर' याचा अर्थ उलगडतो. एखाद्या वस्तूवर किंवा माणसावर दोषांचे कर्ज चढले आहे, अशी कल्पना करावी. ते कर्ज फेडून त्या वस्तूला सोडवून आणील, इतक्या मोलाचा जो एखादा गुण, तो 'रिडीमिंग' गुण. म्हणून हा शब्दप्रयोग म्हणजे एक खतावणी आहे. डाव्या बाजूला दोष, उजव्या बाजूला भरपाई. आणि जेव्हा आपण 'एकही रिडीमिंग फीचर नाही' असे म्हणतो तेव्हा आपण केवळ 'हे वाईट आहे' असे म्हणत नसतो. 'मी खतावणीचे प्रत्येक पान उलटून पाहिले, आणि याला सोडविण्याजोगी एक कवडीही मला जमेच्या बाजूला मिळाली नाही' असे आपण सहीनिशी सांगत असतो.

वापरताना होणाऱ्या चुका

परीक्षेच्या दृष्टीने उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथेच नोंदवितो.

पहिली गोष्ट अशी, की हा शब्दप्रयोग दोषांच्या पाठोपाठच येऊ शकतो. दोष सिद्ध झाल्याशिवाय भरपाईची भाषा संभवत नाही. 'तो आळशी आहे, उधळ्या आहे, पण त्याची रिडीमिंग क्वालिटी म्हणजे त्याचा निष्कपट स्वभाव' हे बरोबर. परंतु ज्याला आपण थोर मानतो त्याच्याविषयी ही भाषा वापरली की स्तुतीची निंदा होते. निरोपसमारंभात एखादा विद्यार्थी उत्साहाने इंग्रजीत म्हणाला, की वक्तशीरपणा ही प्राचार्यांची 'रिडीमिंग क्वालिटी' होय, तर त्याचा अर्थ असा होईल, की प्राचार्यांमध्ये बाकी सारे दोषच, निदान वेळेवर तरी येतात! तसेच 'हॅम्लेट'मधील काव्यमय भाषा हे त्या नाटकाचे 'रिडीमिंग फीचर' आहे, असे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी नकळत ते नाटक टाकाऊ ठरवून मोकळा होतो. तेथे 'वैशिष्ट्य' किंवा 'बलस्थान' या अर्थाचा साधा शब्द हवा.

दुसरी गोष्ट : चांगला गुण आणि रिडीमिंग गुण हे एक नव्हेत, आणि सरांपुढे माझी फजिती झाली ती इथेच. एखाद्या रटाळ कादंबरीची छपाई सुबक असेल. तो गुण खराच. पण त्याने कादंबरी सुटत नाही. दोष ज्या जातीचा, भरपाई त्याच तोलाची लागते. म्हणून 'नो गुड क्वालिटीज' यात एकही चांगला गुण नाही एवढाच हिशेब असतो. 'नो रिडीमिंग क्वालिटीज' यात किरकोळ गुण असू शकतात, पण ते पुरे पडत नाहीत असा निवाडा असतो.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. होकारार्थी वाक्यात हा शब्दप्रयोग बहुधा एकवचनी येतो आणि त्यामागे 'एकुलता एक' अशा अर्थाचे विशेषण असते : 'हिज वन रिडीमिंग फीचर'. नकारार्थी वाक्यात अनेकवचन अधिक रूढ आहे : 'इट हॅज नो रिडीमिंग फीचर्स'. 'फीचर'च्या जागी 'क्वालिटी', 'ट्रेट', 'व्हर्च्यू' हे शब्द चालतात. 'रिडीमिंग' हे विशेषण सामान्यतः नामाच्या आधी बसते. 'हा गुण फार रिडीमिंग आहे' अशी रचना इंग्रजी कानाला खटकते. 'देअर इज नथिंग रिडीमिंग अबाउट इट' ही रचना मात्र चालते. 'सेव्हिंग ग्रेस' हा याचाच सख्खा भाऊ, पण त्याचा स्वभाव बराचसा होकारार्थी. काहीतरी वाचले आहे हे सांगण्यासाठीच तो बहुधा येतो.

चौथी गोष्ट : जे केवळ सामान्य आहे, त्याला ही भाषा लावू नये. बेचव आमटी आणि नासलेली आमटी यांत फरक आहे. सामान्य कृतीवर कर्जच चढलेले नसते, मग फेडायचे काय? अशा ठिकाणी 'मीडिऑकर' म्हणावे, 'अनरिमार्केबल' म्हणावे.

एक दुष्ट पात्र आणि त्याच्या लेखकाचे उत्तर

इंग्रजी साहित्यात या शब्दप्रयोगाचा एक बोलका दाखला आहे. चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीतला बिल साइक्स हा दरोडेखोर, आणि त्याच्यावर जीव टाकणारी नॅन्सी. साइक्स नॅन्सीचा निर्घृणपणे खून करतो. टीकाकारांनी दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले. नॅन्सीसारख्या स्त्रीच्या ठिकाणी इतका चांगुलपणा दाखविणे अस्वाभाविक, असे काही जण म्हणाले. आणि साइक्सच्या ठिकाणी एकही 'रिडीमिंग' गुण नसणे हेही अतिरंजित, असे काही जणांचे म्हणणे. १८४१ साली निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत डिकन्सने दोन्ही आक्षेप शेजारी शेजारी मांडले आणि साइक्सविषयी उत्तर दिले, की जगात अशी काही निबर, सर्वस्वी बिघडलेली माणसे असतात, अशी आपल्याला भीती वाटते.

म्हणजे डिकन्सने साइक्सविषयी हा शब्दप्रयोग मान्यच केला. पण कोणत्या अधिकाराने? तो त्या माणसाचा निर्माता होता. साइक्सच्या मनाचा कोपरान् कोपरा त्याला ठाऊक होता. आणि तरीही तो कादंबरीकार म्हणून किती सावध आहे पाहा. खुनानंतर रानोमाळ पळत असलेला साइक्स एका ठिकाणी लागलेली आग पाहतो आणि रात्रभर जिवावर उदार होऊन ती विझविण्यासाठी धडपडतो. हे काम चांगले नाही काय? चांगले आहे. त्याने साइक्स सुटतो काय? सुटत नाही, कारण तो लोकांना वाचविण्यासाठी नव्हे, स्वतःच्या मनातून पळण्यासाठी आगीत शिरला आहे. चांगली कृती आणि सोडवणारी कृती यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या उदाहरणात मला आढळले नाही. डिकन्सने ती कृती लपविली नाही, आपल्यापुढे ठेवली, आणि मग निवाडा दिला. मी माझ्या मित्राच्या कथेला दहा मिनिटे दिली होती.

न्यायालयातील साक्ष

हा शब्दप्रयोग केवळ टीकाकारांपुरता राहिला असता तर गोष्ट निराळी. पण अमेरिकेत तो न्यायालयात गेला आणि तेथे त्याचे वजन तोलले गेले.

१९५७ साली रॉथ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लील लेखनाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असा निर्णय दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्याचे कारण असे दिले, की अशा लेखनात 'रिडीमिंग' असे सामाजिक महत्त्व मुळीच नसते. पुढे १९६६ साली जॉन क्लेलंडच्या 'फॅनी हिल' या नावाने प्रसिद्ध असलेल्या अठराव्या शतकातील कादंबरीचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. खालच्या न्यायालयाचे म्हणणे असे होते, की पुस्तकात थोडेफार वाङ्मयीन मूल्य असले म्हणून ते वाचत नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी हे मानले नाही. पुस्तक 'मुळीच' मूल्य नसलेले ठरले पाहिजे. कणभर मूल्य असले तरी बंदी टिकणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि बंदी उठली.

मग १९७३ साली मिलर खटल्यात सरन्यायाधीश बर्गर यांनी ही कसोटी टाकून दिली. कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. 'यात सोडविण्याजोगे मुळीच काही नाही' हे सिद्ध करायचे म्हणजे नकार सिद्ध करायचा, आणि फिर्यादी पक्षाच्या खांद्यावर टाकलेले हे ओझे जवळजवळ न पेलणारे आहे, असे त्यांनी म्हटले. त्याऐवजी संपूर्ण कृती वाचून तीत काही गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा शास्त्रीय मूल्य आहे की नाही, हे पाहावे, अशी नवी कसोटी आली. नवी कसोटी अधिक कडक की सौम्य, या वादात मी पडत नाही. मला भिडली ती एवढीच गोष्ट, की पोलीस, वकील, तज्ज्ञ साक्षीदार असा सारा सरंजाम हाताशी असलेल्या सरकारलाही जे सिद्ध करणे जड गेले, ते मी एका लाल पेनाने सिद्ध करून टाकले होते!

याच सुमारास आपल्याकडेही एका मराठी कथेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, हे पुष्कळांना माहीत नसेल. १९६२ सालच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायाधीशांनी कथा संपूर्ण वाचली, ती समग्र पाहिली, आणि ती अश्लील ठरत नाही असे सांगितले. कथा थोर आहे असे प्रशस्तिपत्र त्यासाठी त्यांना द्यावे लागले नाही. 'ही कथा फार चांगली नाही' आणि 'ही कथा सर्वस्वी टाकाऊ आहे' या दोन विधानांमध्ये मोठी जागा आहे, आणि बहुतेक लेखन, विद्यार्थ्यांचे तर नक्कीच, याच जागेत नांदत असते.

मराठीत काय म्हणावे?

या शब्दप्रयोगाला मराठीत नेमका पर्याय कोणता? मी घरी आजीला विचारले. ती म्हणाली, "औषधालासुद्धा गुण नाही म्हणावं." उत्तम आहे, औषधाला लागते तितकेही नाही. 'नाव घेण्यासारखे काही नाही' हेही जवळचे. पण या दोहोंत खतावणी नाही, भरपाईची कल्पना नाही. ती 'दगडापेक्षा वीट मऊ' या म्हणीत थोडी आहे. पण तेथे वीट वाचते ती स्वतःच्या गुणामुळे नव्हे, दगडाच्या कृपेने.

मग आजीनेच एक म्हण जोडून दिली : नावडतीचे मीठ अळणी. इंग्रजी शब्दप्रयोगात जे सांगायचे राहून जाते ते या म्हणीने सांगितले आहे. मीठ खारट आहे की नाही, हा प्रश्न मिठाचा नसून जेवणाऱ्याचा आहे. ज्याला आधीच नापसंत ठरविले त्याच्या जमेची बाजू आपल्याला दिसतच नाही. मग 'काही नाही' या वाक्यात वस्तूविषयी किती आणि पाहणाऱ्याविषयी किती?

आपल्या जुन्या काव्यशास्त्रातही हा विचार झालेला आहे. काव्य निर्दोष असावे, अशी अट मम्मटाने काव्याच्या व्याख्येतच घातली. त्यावर विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हरकत घेतली, की अशी अट घातली तर काव्य दुर्मिळ होईल, किंबहुना मिळणारच नाही. रत्नाला कीड लागली म्हणून त्याचे रत्नपण जात नाही. दोष मोजावेत, पण दोष मोजून झाले म्हणजे वस्तू मोजून झाली असे नव्हे, हा त्याचा आशय मला समजला तो असा.

मग हा शब्दप्रयोग वापरूच नये काय?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की सर्वांत काहीतरी चांगले असतेच, तेव्हा कोणालाच वाईट म्हणू नये, असा हा गुळमुळीत उपदेश आहे. तसे मला म्हणायचे नाही. काही गोष्टी अशा आहेत, की तेथे हा शब्दप्रयोग न वापरणे हाच भेकडपणा होय. अस्पृश्यतेचे उदाहरण घ्या. तिच्यातही काही समाजव्यवस्था होती, काही शिस्त होती, असे सांगत भरपाईचा कण शोधणारे लोक पूर्वीही होते. भारतीय संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली ती कोणताही अपवाद न ठेवता. तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले. तेथे खतावणी पुरती तपासून झाली होती. ती तपासली होती ज्यांनी ते चटके पिढ्यान् पिढ्या सोसले त्यांनी. गुलामगिरीविषयीही हेच म्हणता येईल.

यावरून मी माझ्यापुरती एक रेघ आखली आहे. रूढी, व्यवस्था, अन्याय यांच्याविषयी हा निवाडा देता येतो. कारण त्या काय करतात हे उघड्यावर असते आणि भोगणारे साक्षीला असतात. पुस्तकाविषयी तो द्यायचा तर पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून द्यावा. आणि जिवंत माणसाविषयी तो शक्यतो देऊच नये, कारण माणसाची खतावणी बंद झालेली नसते. 'किंग लिअर'मधला एडमंड नाटकभर दुष्टपणा करतो, आणि मरता मरता कॉर्डेलियाला वाचविण्यासाठी निरोप धाडतो. निरोप उशिरा पोचतो हे खरे. पण चौथ्या अंकाअखेर निवाडा देणारा प्रेक्षक चुकला असता, हेही खरे. आपल्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे गहाण टाकणाऱ्याला गहाण सोडविण्याचा हक्क असतो, आणि करारात आडव्या अटी घालून तो मारता येत नाही, असे न्यायालये मानीत आली आहेत. जमिनीला जे मिळते ते माणसाला का मिळू नये?

पुन्हा ती कथा

हे सर्व टिपून मी सरांकडे गेलो. त्यांनी वाचले आणि एकच विचारले, "ती कथा पुन्हा वाचलीस?" तोपर्यंत त्यांना सारे कळलेले होते. मी वाचली नव्हती.

मित्राकडे मागितली. त्याने जरा विचार करून दिली. या वेळी ती मी घरी नेऊन रात्री वाचली. संवाद अजूनही उसने होते. शेवट अजूनही ओढून आणलेला होता. पण तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. दाखल्यासाठी अंगठा उठवून म्हातारा घरी येतो. शाई धोतराला पुसतो, मातीने घासतो, जात नाही. जेवायला बसल्यावर तो सुनेला काही न सांगता भाकरी डाव्या हाताने मोडू लागतो. ती विचारते, हाताला लागले काय? तो म्हणतो, नाही, हा हात सरकारचा झाला. एवढेच. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हा परिच्छेद तेथेच होता. माझ्या लाल अक्षरांच्या अगदी शेजारी, डावीकडे.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला सांगितले, की माझे चुकले, कथेत हा परिच्छेद आहे आणि तो फार चांगला आहे. तो म्हणाला, "कथा वाईटच होती. ते मलापण माहीत होतं. पण तुला ते मराठीत लिहायला काय झालं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे, पण थोडे सापडले आहे. मराठीत लिहायचे असते तर 'शेवट पटत नाही', 'संवाद तुझ्या गावचे वाटत नाहीत' असे काहीतरी नेमके लिहावे लागले असते. नेमके लिहायचे तर नीट वाचावे लागले असते. तयार इंग्रजी शब्दप्रयोगाने ते कष्ट वाचविले. शिवाय तो भारदस्त दिसला. दोष इंग्रजीचा नाही. इंग्रजीत हा शब्दप्रयोग पुरत्या तपासणीनंतर उच्चारायचा निवाडा आहे. मी तो तपासणी टाळण्यासाठी वापरला. परभाषेतला शब्द आपण अर्थासकट उचलला नाही, नुसता त्याचा आवाज उचलला, की असे होते.

मित्राने ती कथा भित्तिपत्रकाला पुन्हा दिली नाही. या वार्षिकासाठीही त्याने काही दिलेले नाही, असे संपादकांकडून कळले. मी त्याला दोनदा म्हणालो. तो हसतो आणि एस. टी. गाठायची आहे म्हणतो. म्हातारा आणि त्याचा तो हात मात्र माझ्या मनातून जात नाही. ते वाचकांपर्यंत त्याच्या लेखणीतून पोचायला हवे होते. माझ्या लेखात ते असे आडवाटेने आले आहेत, त्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. "लिही," तो म्हणाला, "पण नाव घालू नकोस."

असो. विद्यार्थीमित्रांनी हा शब्दप्रयोग जरूर शिकावा. तो अर्थपूर्ण आहे, आणि योग्य जागी त्याला पर्याय नाही. फक्त तो लिहिण्यापूर्वी समोरचा कागद शेवटपर्यंत वाचावा. निदान तिसरे पान तरी.